देण्याचं माप, घेण्याचं माप

निकाल आपल्या बाजूने लागला की तो न्याय. विरुद्ध गेला की मनुवादी कारस्थान. मित्रांनो, छातीवर हात ठेवून सांगा, आपण असंच बोलतो की नाही? मीही असंच बोलत आलो. आता त्या बोलण्याची लाज वाटायला लागली आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मी तालुक्याच्या कोर्टात नकला विभागात ३१ वर्षं कारकुनी केली. निकाल देणारा साहेब वेगळा, भांडणारा वकील वेगळा, आणि निकालाची नक्कल हातात घेऊन बाहेर लिंबाखाली उकिडवा बसलेला माणूस वेगळा. तो मला विचारायचा, "सायेब, ह्याच्यात काय लिव्हलंय? जितलो का हारलो?" मी सांगायचो, जिंकलात. मग तो दुसरा प्रश्न विचारायचा, "मंग जमीन कवा मिळंल?" याचं उत्तर नकला विभागात नव्हतं. साहेबाकडेही नव्हतं. निकाल आणि न्याय या दोन गोष्टींमध्ये किती कोसांचं अंतर असतं ते मला त्या लिंबाखालच्या माणसांनी शिकवलं.

त्याच्या आधीची एक शिकवण बापाची. बाप गावचा येसकर. रास झाली की खळ्यावर बलुतं मागायला जायचा, मी मागे. एका मोठ्या खळ्यावर दोन पायल्या असत. स्वतःचं येणं मोजून घ्यायचं तेव्हा चांगली पायली. बलुतेदाराला द्यायचं तेव्हा बुडाला पोचे आलेली. लांबून दोन्ही सारख्याच दिसत. बाप घोंगडी पसरायचा, दाणा पडायचा, आणि घरी येताना म्हणायचा, "दाना किती पडला ते मागून बघ. आदी माप बघ." बाप सही करायलाही शिकला नाही. पण न्यायाबद्दल याच्याहून नेमकं वाक्य मला नंतर कायद्याच्या जाड्या पुस्तकांत सापडलं नाही.

तेव्हा गेल्या काही वर्षांतले सर्वोच्च न्यायालयाचे निकाल या मापाने बघू. दाणा किती पडला ते नंतर.

३ ऑक्टोबर २०२४. तुरुंगातल्या जातीचा निकाल. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी देशातल्या तुरुंगांमधली जात उघडी केली आणि मग कोर्टात अर्ज केला. काय निघालं? तुरुंगाच्या नियमांच्या पुस्तकांतच जात छापलेली. बंगालच्या नियमात झाडूवाला मेथर किंवा हरी जातीतून घ्या असं लिहिलेलं. संडास एका जातीने साफ करायचे, स्वयंपाक दुसऱ्या जातीने करायचा. कैद्यांच्या नोंदवहीत जातीचा रकाना. भटक्या-विमुक्तांच्या कपाळावर सराईत गुन्हेगाराचा शिक्का. कोर्टाने हे सगळं घटनाबाह्य ठरवलं, १७व्या कलमाचं नाव घेऊन ठरवलं, आणि राज्यांना तीन महिन्यांत नियम बदलायला सांगितलं. चांगला निकाल. मी विहारात टाळ्या वाजवल्या.

रात्री झोप आली नाही. अरे, १९५० साली अस्पृश्यता नष्ट झाली असं घटनेत लिहिलं. आणि सरकारच्या स्वतःच्या पुस्तकात, सरकारच्या स्वतःच्या भिंतीआड, ती चौऱ्याहत्तर वर्षं छापील अक्षरात जिवंत होती! किती जेलर आले नि गेले, किती मंत्र्यांनी तुरुंगांना भेटी दिल्या. कुणालाच खटकलं नाही. मग मी टाळी कशाची वाजवली? चौऱ्याहत्तर वर्षांची थकबाकी कुणीतरी कबूल केली म्हणून? सावकाराने उशिरा का होईना हिशेब दाखवला तर आपण त्याचे पाय धरत नाही. हा निकाल चांगला आहे, पण तो उपकार नाही. येणं आहे. येणं घेताना मान खाली घालायची नसते.

दुसरा निकाल २० ऑक्टोबर २०२३ चा. गटारात उतरून मेलेल्या माणसाच्या घरच्यांना ३० लाख रुपये द्या, कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख द्या. २०१४ साली याच कोर्टाने १० लाख ठरवले होते. म्हणजे दाणा वाढला. पण माप बघा. हाताने मैला काढण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. बंदी असलेल्या कामात मरणाऱ्या माणसाचा भाव आपण वाढवत चाललो आहोत. २९ जानेवारी २०२५ ला कोर्टाने मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद या सहा शहरांत माणूस गटारात उतरवायचा नाही असं बजावलं. चारच दिवसांनी, २ फेब्रुवारीला, कोलकात्याच्या चामडे संकुलात तीन मजूर मॅनहोलमध्ये मेले.

म्हणून कोर्टाचा निकाल फुकट गेला असं मी म्हणणार नाही. त्या ३० लाखांत एखादं पोरगं शिकेल, झाडू सुटेल. पण निकाल गटारात उतरत नाही, माणूस उतरतो. त्याला खाली सोडणारा ठेकेदार, त्या ठेकेदाराचं बिल काढणारा इंजिनिअर, आणि आपल्या संडासाचं पुढे काय होतं हे कधीच न विचारणारे तुम्ही-आम्ही, या सगळ्यांच्या मनाला कोर्टाचा हुकूम पोचत नाही. बाबासाहेबांनी हेच बजावून ठेवलं होतं. हक्कांचं रक्षण नुसता कायदा करत नाही, समाजाची सदसद्‌विवेकबुद्धी करते, आणि समाजच हक्कांच्या विरोधात उभा राहिला तर कायदा, संसद, कोर्ट कुणीच पुरं पडत नाही. आपण बाबासाहेबांचे फोटो लावतो, पण हे बजावणं विसरतो, आणि सगळं ओझं कोर्टाच्या पायरीवर टाकून मोकळे होतो.

आता विरुद्ध गेलेले निकाल घेऊ. २० मार्च २०१८ ला, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, दोन न्यायमूर्तींनी अॅट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. अटकेआधी वरच्यांची परवानगी, गुन्ह्याआधी प्राथमिक चौकशी. २ एप्रिलला देश बंद झाला. माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टाने स्वतःचेच ते आदेश मागे घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० ला दुरुस्तीही कायम केली. यातून पोरं एकच धडा घेतात, की रस्त्यावर उतरलं की कोर्ट नमतं. मी दुसरा धडा घेतो. पहिल्या निकालाचं माप खोटं होतं. खोट्या तक्रारींची भीती त्यांना दिसली. पण तक्रार नोंदवायला गेलेल्या माणसाला चौकीच्या दारात तासन्‌तास बसवून ठेवतात, ते दिसलं नाही. पुढच्या निकालात कोर्टाने हेच कबूल केलं, की खोटेपणा जातीतून येत नाही, माणसातून येतो. माप सरळ झालं म्हणून निकाल सरळ झाला. रस्त्याने फक्त मापाकडे बोट दाखवलं.

आणखी एक, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. अॅट्रॉसिटीच्या कलमात अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला पाहिजे अशी अट आहे. ५ नोव्हेंबर २०२० ला कोर्टाने सांगितलं, की घराच्या चार भिंतींआड, बाहेरचं कुणी नसताना, जातीवरून शिवी दिली तर ते कलम लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका सरकारी कचेरीतल्या खोलीबद्दलही तसंच झालं. कायद्याचे शब्द तसे आहेत, न्यायमूर्तींनी ते वाचले, यात मी कारस्थान शोधणार नाही. पण प्रश्न उरतोच. अपमानाला साक्षीदार लागतो का? बंगल्यात एकटी भांडी घासणाऱ्या बाईला मालकीण जातीवरून बोलते, तेव्हा बघायला कोण असतं? जी सगळ्यात एकटी, तिलाच कायदा सगळ्यात कमी पोचतो. इथे बोट कोर्टाकडे दाखवून भागत नाही. हे माप संसदेने घडवलं, ते संसदेतच बदलावं लागेल. कुणाशी भांडायचं हे कळणं हाही न्यायाचाच भाग आहे.

आणि ७ नोव्हेंबर २०२२. आर्थिक दुर्बलांचं १० टक्के आरक्षण तीन विरुद्ध दोन मतांनी कायम. गरिबीवर आरक्षण द्या, माझं काही म्हणणं नाही. पण त्या गरिबांतून अनुसूचित जाती-जमातींचे आणि ओबीसींचे गरीब वगळले. मर्यादा वर्षाला ८ लाखांच्या उत्पन्नाची. च्यायला, महिन्याला साठ हजार मिळवणारा उच्चवर्णीय दुर्बल, आणि रोजंदारीवर जाणारी आमची बाई या दुर्बलांत बसत नाही! दोन न्यायमूर्तींनी विरोधात लिहिलं, त्यात सरन्यायाधीश लळीत होते. हेच लळीत २०१८ च्या त्या दोघांतले एक होते. ध्यानात ठेवा. माणूस आपला की परका हे बघून माप कळत नाही. लिहिलेलं वाचावं लागतं. पण निकालात मात्र मला खळ्यावरच्या त्या दोन पायल्याच दिसल्या.

इथपर्यंत तुम्ही माना हलवत असाल. आता जे लिहिणार आहे त्याला माना हलतीलच असं नाही.

आमच्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग चालतो. निकाल वाचायचे, चर्चा करायची. लहुजीनगरातला एक मातंग पोरगा दोन वर्षं नेमाने यायचा. कायद्याचं शिक्षण घेणारा, सगळ्यांत नीट वाचणारा. १ ऑगस्ट २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक असा निकाल दिला, की अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करण्याचा अधिकार राज्यांना आहे. २००४ चा उलटा निकाल रद्द केला. पुढच्या रविवारी वर्गात आग. "हा आपल्याला फोडायचा डाव आहे," असं आमचा एक कार्यकर्ता ओरडला. तो पोरगा शांतपणे म्हणाला, "दादा, फुटायला आदी जोडलेलं लागतं ना?" कुणी काही बोललं नाही. त्यानंतर तो वर्गाला आला नाही.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आणि मला आईने सांगितलेली एक गोष्ट आठवली, जी बापाने कधी सांगितली नव्हती. आमच्या महारवाड्याच्या आडावर मांगाच्या बाईला घागर बुडवू देत नसत. ती बाजूला उभी राहायची, आणि आमची बाई वरून पाणी ओतायची. हे धर्मांतराच्या नंतरही काही वर्षं चाललं. ज्या बापाने मला माप बघायला शिकवलं, त्याच्या आडावर दोन मापं होती.

निकालाविरुद्धचे मुद्दे मला ठाऊक आहेत, आणि ते पोकळ नाहीत. न्यायमूर्ती बेला त्रिवेदींनी विरोधी मत लिहिलं, की ३४१व्या कलमाची यादी राष्ट्रपतींची, तिला संसदेशिवाय कुणी हात लावू नये, राज्यांनीही नाही. राज्यकर्ते याचा मतांसाठी वापर करतील, ही भीतीही खरी. सरकारी नोकऱ्याच आटत चालल्या आहेत, रिकाम्या ताटाच्या वाटण्या कसल्या करता, हा सवाल तर फारच खरा. २१ ऑगस्टच्या बंदमध्ये मीही दुकानाच्या फळीवर बसून होतो.

पण निकाल वाचला. कोर्ट म्हणतं, आकडेवारीशिवाय उपवर्गीकरण करता येणार नाही. कोणती जात किती मागे आहे ते पुराव्याने दाखवा. आणि एका जातीला सगळंच देऊन बाकीच्यांना बाहेर काढता येणार नाही. राज्याने मनमानी केली तर कोर्ट तपासेल. तेलंगणाने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या १५ टक्क्यांचे १, ९ आणि ५ असे तीन वाटे केले. महाराष्ट्रात १३ टक्क्यांत ५९ जाती आहेत. या ५९ पैकी किती जातींची नावं आपल्याला सांगता येतील? वर्गात मी विचारलं. कुणी सातवर थांबलं, कुणी नऊवर. ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांना आपण 'आपण' म्हणतो!

वर्गातल्या एकाने पुढे मला एक सवाल टाकला. त्या २०२४ च्या निकालात चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींतही क्रीमी लेयर बघा असं लिहिलं. त्यांतले एक भूषण गवई, अमरावतीचे, आपले, बौद्ध. मे २०२५ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. ६ ऑक्टोबर २०२५ ला भर कोर्टात एका वकिलाने त्यांच्यावर बूट फेकायचा प्रयत्न केला. "काका, देशाच्या सगळ्यात मोठ्या न्यायाधीशालाही बूट सुटत नाही. मग कुठला आलाय क्रीमी लेयर?" तो बूट जातीमुळेच उगारला हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. फेकणारा सनातनाच्या नावाने ओरडत होता एवढं जगाने ऐकलं. पण पोराचं म्हणणं खोटं नाही. खुर्चीने जात जात नाही. म्हणूनच पैशाच्या मोजणीने आपल्याला आरक्षणाबाहेर काढणं मला मान्य नाही.

पण म्हणून दुसरी गोष्टही खोटी ठरत नाही. अपमान सगळ्यांना सारखा मिळतो, वाटा सारखा मिळत नाही. महारालाही शिवी, मांगालाही शिवी, मेहतरालाही शिवी. पण शाळा, वसतिगृह, नोकरी, मुंबईची वाट, बाबासाहेबांची हाक, हे आमच्या घरात आधी पोचलं. आम्ही ते कष्टाने घेतलं, कुणाचं चोरलं नाही, पुतळ्यांसाठी आणि पुस्तकांसाठी पोटाला चिमटे काढले. हे खरं. पण मेहतराच्या पोराने कष्ट केले नाहीत असं कोण म्हणेल? तो तर अजून गटारात आहे. प्रस्थापित लोक आपल्याला म्हणतात, गुणवत्ता दाखवा, मेहनत करा, वर या. हेच वाक्य आपण मांगवाड्याकडे तोंड करून बोलायला लागलो, तर आपल्यात नि त्यांच्यात फरक काय राहिला?

काही जण म्हणतील, ही वेळ नाही. समोरचा दोन मापं वापरतो, आपणच सरळ माप धरून बसलो तर आपण लुटले जाऊ. मी यावर पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं. आपल्याकडे सत्ता नाही, कारखाने नाहीत, वृत्तपत्रं नाहीत. आपल्या हातात एकच हत्यार आहे, ते म्हणजे आपलं म्हणणं न्यायाचं आहे. हे हत्यार खोट्या मापाने बोथट होतं. खळ्यावरच्या पायलीचा पोचा दाखवायचा तर आपली पायली आधी सपाट असावी लागते. आणि एकजूट म्हणाल, तर दुखणं झाकून केलेली एकजूट म्हणजे पहिल्या पावसात वाहून जाणारा बांध. १८५५ साली मुक्ता साळवे नावाच्या मातंग मुलीने, सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीने, ज्ञानोदयात निबंध लिहिला. त्याच्या नावात मांग आणि महार दोघांचं दुःख एकत्र आहे. तिने आमचं दुःख आपल्या दुःखाशेजारी मांडलं. आमच्या किती निबंधांच्या नावात तिचं दुःख आहे?

म्हणून यापुढे मी कुठलाही निकाल हातात घेतला की तीन प्रश्न विचारणार आहे. माप कोणाच्या हातात आहे? देण्याचं आणि घेण्याचं माप एकच आहे का? आणि शेवटच्या घरात दाणा पोचला का? निकाल आपल्या बाजूचा असो वा विरुद्ध, प्रश्न हेच. उपवर्गीकरणाबाबत माझी मागणी यातूनच निघते. आधी ५९ जातींची शाळेतली, नोकरीतली, जमिनीतली मोजणी लोकांपुढे मांडा. अनुशेष भरा. खाजगीकरणात गेलेल्या जागांचा हिशेब द्या. आणि त्या मोजणीत आमच्या वाट्यापेक्षा जास्त आमच्याकडे आलेलं निघालं, तर जागा सोडायला पहिल्यांदा आम्ही उठू. ही शेवटची ओळ लिहिताना माझा हात थांबला. माझा नातू स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आहे. ज्या जागेबद्दल मी लिहितो आहे ती कदाचित त्याची असेल. तरीही ओळ तशीच ठेवतो.

गेल्या महिन्यात मी लहुजीनगरात त्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाणी दिलं, चहा केला. मी आडाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मला ठावं हाय. माज्या सासूनं सांगितली व्हती." म्हणजे गोष्ट दोन्ही घरांत होती. आमच्या घरात विसरायला आणि त्यांच्या घरात लक्षात ठेवायला. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, हे इथं माझ्याजवळ बोललात. विहारात सगळ्यांसमोर बोलाल का?"

कायद्याचा विद्यार्थी. लोकांच्या नजरेसमोर, ही अट त्याला पाठ होती.

मी हो म्हणालो. हा लेख म्हणजे ते बोलणं. पुढच्या रविवारचा वर्ग लहुजीनगरात, त्यांच्या समाजमंदिरात आहे. २०२४ चा निकाल पहिल्यापासून वाचायचा आहे, विरोधी मतासकट. ज्यांना राग आला असेल त्यांनी जरूर यावं. येताना ५९ जातींची यादी पाठ करून यावं.

जय भीम.